मुली निवडल्या, पण घडवणार कोण?

2002 साली चॅनेल व्ही या संगीतवाहिनीनं ‘कोक व्ही पॉपस्टार्स’ नावाची स्पर्धा घेतली. गावोगावच्या ऑडिशनमधून गाळत गाळत शेवटी पाच मुली उरल्या. सीमा रामचंदानी, प्रतिची मोहपात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा. बहुतेकींनी वयाची विशी नुकती कुठं गाठली होती, अनुष्का तर अठराची होती. या पाच जणींचा ‘व्हिवा’ हा बॅण्ड मुंबईत उभा राहिला आणि त्याच वर्षी पहिला अल्बम बाजारात आला. ‘हम नये गीत सुनाएँ’ आणि ‘जागो ज़रा’ ही गाणी त्या काळी ज्यांच्या घरी केबल होती त्यांच्या कानावरून नक्की गेलेली आहेत. पुढच्या वर्षी महुआ कामत बाहेर पडल्या, उरलेल्या चौघींनी ‘व्हिवा रीलोडेड’ हा दुसरा अल्बम केला आणि त्यानंतर थोड्याच काळात बॅण्ड मोडला. देशातल्या पहिल्या गाजलेल्या गर्ल बॅण्डची कारकीर्द दोन अल्बमांत आटोपली. आज दहिवली-कर्जतकडच्या शाळकरी मुलींना कोरियातल्या ‘ब्लॅकपिंक’ समूहाच्या चौघींची नावं पाठ असतात, पण व्हिवाचं नाव घेतलं तर ओळख पटायला त्यांच्या आयांना हाक मारावी लागेल.

हे असं का झालं, याचं सोपं उत्तर बहुतेकांच्या ओठावर असतं. आपल्याकडे तेवढ्या तयारीच्या मुलीच नव्हत्या, कोरियातल्या मुली वेगळ्याच मुशीतल्या, असं म्हणून विषय संपवला जातो. या उत्तराला पुराव्याचा आधार नाही. नेहा भसीन यांनी पुढं ‘फॅशन’ चित्रपटातलं ‘कुछ ख़ास’ गायलं, ‘मेरे ब्रदर की दुल्हन’मधलं ‘धुनकी’ गायलं आणि ‘सुलतान’मधल्या ‘जग घुमेया’साठी 2017 मध्ये त्यांना पार्श्वगायनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. अनुष्का मनचंदा यांनी चित्रपटांसाठी गाणी गायली, टीव्हीवर निवेदन केलं, पुढं स्वतःचं संगीत रचलं. म्हणजे निवड करणाऱ्यांची नजर चुकली नव्हती. गळे होते, रंगमंचावर उभं राहण्याचा आत्मविश्वास होता, मेहनतीची तयारी होती. कमी होतं ते या मुलींच्या मागं उभं राहणारं घर. इथं घर म्हणजे आईवडिलांचं घर नव्हे. शिकवणारी, पोसणारी, हिशेब ठेवणारी आणि एका तुकडीचे अनुभव दुसऱ्या तुकडीच्या कामी आणणारी संस्था. मुलींचा गानसमूह अशा संस्थेच्या बळावर टिकतो, आणि ती नसेल तर गुणवान मुलीही दोन वर्षांत चहूकडे पांगतात, असं माझं म्हणणं आहे. व्हिवाची गोष्ट हा त्याचा एक पुरावा आहे आणि कोरियाच्या सुरुवातीच्या गर्ल ग्रुपांची गोष्ट हा दुसरा.

‘पॉपस्टार्स’ हा साचा मुळात न्यूझीलंडचा. तिथं 1999 मध्ये याच नावाच्या कार्यक्रमातून ‘ट्रू ब्लिस’ हा मुलींचा बॅण्ड निघाला आणि मग हा साचा देशोदेशी विकला गेला. त्याची रचना नीट पाहिली की व्हिवाचं भवितव्य त्यात आधीच लिहिलेलं दिसतं. या कार्यक्रमाचा खरा माल म्हणजे निवडीची उत्कंठा. कोण राहणार, कोण जाणार, कोण रडणार, यासाठी लोक दर आठवड्याला टीव्हीपुढं बसतात. निवड पूर्ण झाली की वाहिनीच्या दृष्टीनं गोष्टीचा शेवट होतो, आणि मुलींची कारकीर्द मात्र नेमकी तिथून सुरू व्हायची असते. प्रायोजक शीतपेयाची कंपनी, तिला एका हंगामाची जाहिरात हवी. वाहिनीला पुढच्या वर्षी नवी स्पर्धा हवी. 2003 मध्ये तेच झालं. व्हिवाचा दुसरा अल्बम येत होता आणि त्याच वर्षी त्याच स्पर्धेतून ‘आस्मा’ हा नवा, मुलामुलींचा बॅण्ड निवडला गेला. तोही फार टिकला नाही. त्यातल्या नीती मोहन पुढं आघाडीच्या पार्श्वगायिका झाल्या, म्हणजे इथंही गुणाची वानवा नव्हती. पहिल्या बॅण्डला काय अडचणी आल्या, कोणत्या चुका झाल्या, कशाचा उपयोग झाला, हे जपून दुसऱ्या बॅण्डला देणारं कुणी नव्हतं. चॅनेल व्हीनं पुढं संगीत बाजूला ठेवून तरुणांच्या मालिका धरल्या आणि 2018 मध्ये ती वाहिनीच बंद पडली. व्हिवाचा अनुभव जपून ठेवायला एक कपाटसुद्धा उरलं नाही.

आता याच काळातला कोरिया पाहू. तिथं ली सू-मान या गायकानं एस. एम. एंटरटेनमेंट ही कंपनी काढली होती. त्यानं उभा केलेला सुरुवातीचा एक गायक अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडला गेला आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. तयार कलाकार शोधून त्याच्यावर पैसा लावण्यात जोखीम आहे, त्यापेक्षा कोवळ्या वयाची मुलं घ्यावीत, त्यांना गाणं, नाच, भाषा, मुलाखतीत बोलणं सगळं शिकवावं आणि पक्की झाली की लोकांपुढं आणावीत, असा धडा त्यानं घेतला. 1996 मध्ये एच. ओ. टी. हा मुलांचा समूह आला आणि 1997 च्या नोव्हेंबरात एस. ई. एस. हा तीन मुलींचा. कोरियन पॉपच्या आजच्या लाटेतल्या गर्ल ग्रुपांची परंपरा इथून मोजतात. बाडा ही मुलगी ली सू-मानला एका कलाशाळेत सापडली. यूजीनचं किशोरवय ग्वाम बेटावर गेलेलं, त्यामुळे इंग्रजी तिच्या जिभेवर. शू जन्मली जपानात, त्यामुळे जपानी तिची घरचीच. तिघींच्या निवडीतच तीन बाजारपेठा बसवलेल्या होत्या. 1998 मध्ये त्यांनी जपानातही गाणी काढली. त्यांचं अतिशय गाजलेलं ‘ड्रीम्स कम ट्रू’ हे गाणं मूळ फिनलंडचं. तिथल्या एका मुलींच्या जोडीचं गाणं कंपनीनं रीतसर हक्क घेऊन नव्यानं बांधलं. पुढं युरोपातल्या गीतकारांकडून चाली घ्यायची जी पद्धत कोरियन पॉपमध्ये रुळली, तिची ही सुरुवात म्हणता येईल. त्यातच टीव्हीवर दर आठवड्याला संगीताचे थेट कार्यक्रम असायचे. समूहाला नवं गाणं घेऊन आठवड्यामागून आठवडे लोकांसमोर उभं राहता येत होतं आणि उभं राहता राहता सफाई येत होती.

एस. ई. एस.ची कारकीर्दही फार लांब नव्हती. 2002 च्या डिसेंबरात, म्हणजे व्हिवा जन्मली त्याच वर्षाच्या अखेरीस, तो समूह थांबला. पण थांबण्याआधी पाच वर्षांचं काम झालं होतं, त्यात पाच मुख्य अल्बम होते. यूजीन पुढं टीव्हीमालिकांतली मोठी अभिनेत्री झाली, बाडानं संगीत नाटकांत नाव कमावलं आणि 2017 मध्ये तिघींनी एकत्र येऊन विसाव्या वर्षाचा अल्बम केला. याहून महत्त्वाचं ते कंपनीकडे उरलं. तीन मुलींना सांभाळताना जे कळलं, त्यावर 2007 मध्ये नऊ मुलींचा ‘गर्ल्स जनरेशन’ उभा राहिला. तोवर डी. एस. पी. या दुसऱ्या कंपनीनं ‘फिंकल’ हा चौघींचा समूह 1998 मध्ये आणून स्पर्धा लावून दिली होती आणि ‘बेबी व्हॉक्स’ चीनपर्यंत पोचली होती. 2009 मध्ये ‘वंडर गर्ल्स’चं ‘नोबडी’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत शिरलं. आधीच्या मुलींच्या चुका आणि यश यांवर पुढच्या मुली उभ्या राहिल्या. आपल्याकडे दर वेळी पाया नव्यानं खणावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दोष संस्थेचा नाही, बाजाराचा आहे. भारतात गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं. नव्वदच्या दशकात अलीशा चिनॉय, लकी अली, कलोनियल कझिन्स, युफोरिया यांनी बिगरफिल्मी गाण्याला चांगले दिवस आणले खरे, पण व्हिवा आली तेव्हा ती लाट ओसरत होती. कॅसेट-सीडीच्या नकलांनी कंपन्या पोखरल्या होत्या आणि नव्या एफ. एम. वाहिन्याही सिनेमाचीच गाणी वाजवत होत्या. हा आक्षेप खोटा नाही, बाजार प्रतिकूल होताच. पण एस. ई. एस.चा पहिला अल्बम आला तो महिना आठवावा. 1997 च्या नोव्हेंबरातच कोरिया सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढं हात पसरावे लागले. चलन कोसळलं, कारखाने बंद पडले, लोकांनी देशासाठी घरातलं सोनं काढून दिलं. त्याहून वाईट बाजार तो काय असणार? तरीही समूह टिकला, कारण कंपनीनं गुंतवणूक आधीच केलेली होती आणि गरज पडताच ती जपानकडे वळू शकली. बाजार वाईट असताना तग धरायची ताकद संस्थेत असते, एकट्यादुकट्या मुलीत नसते. सिनेमा मोठा असल्यामुळं आपल्याकडच्या मुलींना ती ताकद उलट जास्तच लागणार होती.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. मुलींनी वर्षानुवर्षं घर सोडून एका कंपनीत राहायचं, शिकायचं, एकत्र जेवायचं, हे आपल्या मातीतलं नाही, असं म्हणतात. महाराष्ट्रात तरी हे म्हणायला जागा नाही. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हापासून पन्नासेक वर्षं मराठी नाटक कंपनी म्हणजे असंच चालतं-फिरतं घर होतं. पोरवयात मुलगा कंपनीत दाखल व्हायचा, कंपनीच्या बिऱ्हाडी राहायचा, कंपनीच्या पंगतीत जेवायचा. सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नकलेचं पाठांतर, रात्री खेळ. तालीममास्तर त्याचं चालणं, बसणं, पदर सावरणं घोटून घ्यायचे. 1905 मध्ये नारायण राजहंस किर्लोस्कर कंपनीत आले आणि तिथं बालगंधर्व घडले. 1913 मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. मास्टर दीनानाथही किर्लोस्कर कंपनीतच तयार झाले आणि 1918 मध्ये त्यांची बळवंत संगीत मंडळी निघाली. एका घरातून दुसरं घर निघत गेलं, तसंच कोरियात पुढं कंपन्यांचं झालं.

ही सगळी मुलं होती, मुली कुठं होत्या, असं कुणी विचारील. संगीतबारीत होत्या. तिथं आजही पार्टी मालकिणीच्या नावानं ओळखली जाते, पोरी लहानपणापासून थोरल्या बायकांच्या हाताखाली घुंगरू बांधतात आणि समाजानं या कलेला दिलेली हीन वागणूक सोसूनही ते शिक्षण टिकलेलं आहे. आणि ताराबाई माने यांच्या घरात होत्या. पती, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांपासून वेगळं झाल्यावर ताराबाईंनी मुलांना घेऊन नवा संसार मांडला. 1930 च्या आसपास हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या त्यांच्या मुली, बंधू सुरेशबाबू माने यांच्यासह, स्वतःची नाटक कंपनी चालवू लागल्या. पुरुषांनी लुगडं नेसून नायिका व्हायचा तो काळ. त्या काळात या बहिणी स्त्रीभूमिका स्वतः करत होत्या आणि गात होत्या. बोलपट आल्यावर कंपनी कर्जात बुडाली, पण शिक्षण वाया गेलं नाही. हिराबाई किराणा घराण्याच्या थोर गायिका झाल्या, आणि पुढं हिराबाई-सरस्वतीबाईंनी मैफलीत दोन बहिणींची जुगलबंदी रुजवली. नेमकी हीच गोष्ट कोरियातही घडलेली दिसते. तिथली ख्यातनाम गायिका ली नान-यंग हिचा संगीतकार नवरा युद्धात उत्तरेकडे पळवून नेला गेला. पोटासाठी तिनं दोन मुली आणि एक भाची यांना अमेरिकी सैनिकांच्या छावण्यांत गायला उभं केलं. इंग्रजीचा गंध नसलेल्या या पोरी रेकॉर्ड ऐकून शब्दांचे उच्चार जसेच्या तसे घोकायच्या. बिदागी म्हणून मिळालेली दारू बाजारात देऊन घरात अन्न यायचं. आईनं त्यांना एकामागून एक वाद्यं शिकवली. 1959 मध्ये ‘किम सिस्टर्स’ म्हणून त्या लास व्हेगासला गेल्या आणि अमेरिकेतल्या एका अतिशय लोकप्रिय टीव्हीकार्यक्रमात वीसहून जास्त वेळा झळकल्या. ताराबाई आणि ली नान-यंग यांनी एकमेकींचं नावही ऐकलं नसेल, पण दोघींनी एकच काम केलं. मुलींच्या गळ्यामागं एक घर उभं केलं.

तिसरा आक्षेप जास्त विचारात पाडणारा आहे. टीव्हीस्पर्धेतून आलेली मुलं टिकत नाहीत म्हणता, मग झी मराठीच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’चं काय? 2009 मध्ये महाअंतिम फेरी झाली, आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या अलिबागची मुग्धा वैशंपायन त्यात सगळ्यांत लहान होती. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत आणि या दोघी अशी पाच मुलं ‘पंचरत्न’ म्हणून घराघरांत पोचली आणि आजही ती गात आहेत. पण ती कशी टिकली ते पाहावं. टीव्हीवर येण्याआधी त्यांच्यामागं गुरू होते, बऱ्याच जणांच्या घरीच गाणं होतं, आणि कार्यक्रम संपल्यावरही ती गुरूकडे शिकत राहिली. त्यांना टिकवलं ते आधीपासून असलेल्या शिक्षणानं. वाहिनीनं प्रसिद्धी दिली, तीही मोलाचीच. पण समूह म्हणून ही पाच मुलं एकत्र राहिली नाहीत, प्रत्येकाची वाट वेगळी झाली, कारण समूहाला एकत्र ठेवणारं काही नव्हतं. एकट्या गवयाला गुरू पुरतो. समूहाला संस्था लागते, कारण तिथं आवाजांची वाटणी, पैशांची वाटणी आणि रुसव्याफुगव्यांचा निवाडा रोज करावा लागतो.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीर आहे. कोरियातलं हे घर म्हणजे पिंजरा आहे, असं म्हणणाऱ्यांचं बरंचसं खरं आहे. 2009 मध्ये तोंग बांग शिन की या प्रसिद्ध समूहातले तिघं एस. एम.विरुद्ध न्यायालयात गेले, तेव्हा त्यांच्या माथी 13 वर्षांचा करार होता. किशोरवयात सही केलेल्या मुलाची जवळजवळ सगळी तरुणाई त्यात संपते. मुलींवर वजनाचा, दिसण्याचा, कुणाशी बोलावं याचा जाच असतो. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सली आणि गू हारा या दोन गायिका दीड महिन्यांच्या आत गेल्या, तेव्हा साऱ्या देशाला आपल्या मनोरंजनधंद्याकडे आणि समाजमाध्यमांवरच्या छळाकडे पाहावं लागलं. हे झाकून कोरियाचं कौतुक करणं मुलींच्या जिवाशी खेळणं होईल. पण यातून संस्थाच नको असा निष्कर्ष निघत नाही. कोरियाच्या व्यापार आयोगानं 2009 मध्येच नमुना करार काढला आणि मुदत सात वर्षांवर आणली. 2017 मध्ये ट्रेनी मुलांच्या करारांतली जाचक दंडाची कलमंही कंपन्यांना बदलायला लावली. अन्याय पुरता संपला नाही, पण त्याला धरायला कागद आणि दाद मागायला दार तरी झालं. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांचा अनुभवही हेच सांगतो. गंधर्व नाटक मंडळीत अत्तर, शालू, दागिने, गालिचे यांवर खर्चाला सुमार नव्हता, हिशेबाची शिस्त नव्हती, आणि महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेल्या कलावंताला वर्षानुवर्षं कर्जाचं ओझं वाहावं लागलं. माया असलेल्या घरातही वही लागतेच.

हा विषय आज काढायचं कारण असं की हा बाजार पुन्हा मुंबईच्या दारात आलेला आहे. व्हिवानंतर वीसेक वर्षांनी, 2024 मध्ये, माइकी मॅक्क्लिअरी या संगीतकारानं मुंबईत ‘विश’ हा चौघींचा समूह उभा केला. री, सिम, झो आणि सुची या मुली त्यात आहेत, आणि स्पर्धेच्या तमाशाशिवाय, आधी तयारी करून त्या पुढं आल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. राउरकेल्याची श्रेया लेंका 2022 मध्ये कोरियातल्या ‘ब्लॅकस्वान’ समूहात निवडली गेली. बी. टी. एस. या कोरियन समूहामागची हाईब ही कंपनी 2025 मध्ये मुंबईत आली. उद्या ऑडिशन निघतील तेव्हा कर्जत-खालापूरच्या मुलीही जातील, का जाऊ नयेत? मात्र सीएसएमटीपासून शंभर किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीला रोजच्या तालमीसाठी लोकलनं जाऊन-येऊन चार तास घालवणं परवडत नाही. निवडीची स्पर्धा तिला एक दिवस बोलावते, राहायची सोय असलेली संस्थाच तिला घडवू शकते. कर्जत-चौक रस्त्यावर नितीन देसाईंनी 2005 मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे, त्याचा कारभार आता राज्याच्या चित्रनगरी महामंडळाकडे आला आहे. तिथं सेट उभे राहतात तशी गाणं, नाच आणि कराराची समज शिकवणारी निवासी शाळाही उभी राहू शकते. महामंडळानं ते मनावर घ्यावं.

आणि तोवर आईवडिलांना एवढंच सांगणं आहे. मुलगी ऑडिशनला निघाली तर अडवू नका, पण सही करण्याआधी करार मराठीत समजावून घ्या, वकिलाला दाखवा. मुदत किती वर्षांची, शिकवण्याचा खर्च कुणाच्या नावावर चढणार, शाळा-कॉलेज चालू राहणार का, राहण्याच्या जागी जबाबदार बाई कोण, मिळकतीचा हिशेब किती महिन्यांनी मिळणार आणि मधेच सोडायचं ठरलं तर काय भरावं लागणार, हे लेखी मागा. जी कंपनी या प्रश्नांची उत्तरं कागदावर द्यायला तयार नसेल, तिच्याकडे मुलीला पाठवू नका.